आठ कारकून आणि एक बेरीज

आमच्या घरात 'रिडक्शन' हा शब्द आजवर दोनच प्रसंगी ऐकू येत असे. एक, सौ. साड्यांच्या सेलला निघाली की. आणि दुसरा, डॉक्टर माझ्या पोटाकडे बघून बोलू लागले की. पहिल्या रिडक्शननं माझं पाकीट हलकं होतं, दुसऱ्यानं काहीच हलकं होत नाही. त्यामुळे पुण्याला इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला असलेल्या माझ्या पुतणीनं सुट्टीत जेवताना "काका, माझा प्रोजेक्ट पॅरलल ग्राफ रिडक्शनवर आहे," असं जाहीर केलं, तेव्हा मी नुसती मान डोलावली. तोंडात घास होता, हे एक कारण. आणि घास नसता तरी मी दुसरं काय करणार होतो, हे दुसरं.

मी पडलो बी. कॉम. ग्राफ म्हणजे चौकटीचौकटींचा कागद, त्यावर मागणी आणि पुरवठा अशा दोन रेघा एकमेकींना छेदतात आणि जिथे छेदतात तिथे पाच मार्क मिळतात, एवढीच माझी समजूत. पुतणी म्हणाली, "तो ग्राफ नव्हे काका. हा ग्राफ म्हणजे ठिपके आणि बाण." आणि तिनं माझ्याच पासबुकाच्या मागच्या कोऱ्या पानावर ठिपके आणि बाण काढायला सुरुवात केली. पासबुकाच्या पुढच्या पानांवरही फारसं काही नसल्यामुळे जागेची अडचण अशी नव्हतीच.

"समजा, १७ आणि २५ यांच्या बेरजेचा वर्ग करायचाय. वर्ग म्हणजे ती संख्या गुणिले तीच संख्या. सरळ लिहीत गेलं तर '१७ + २५' हे दोनदा लिहावं लागेल आणि तीच बेरीज दोनदा करावी लागेल. त्याऐवजी बेरीज एकाच चिठ्ठीवर लिहायची आणि गुणाकाराचे दोन्ही बाण त्या एकाच चिठ्ठीकडे वळवायचे. पहिल्या बाणाबरोबर जो येईल त्यानं बेरीज करायची, चिठ्ठीवरचं '१७ + २५' पुसायचं आणि तिथे '४२' लिहायचं. दुसऱ्या बाणाला ४२ आयते मिळतात. मग गुणाकाराच्या चिठ्ठीवर १७६४. चिठ्ठ्या कमी होत होत शेवटी एकच उत्तर उरतं. झालं ग्राफ रिडक्शन!"

"पुसायचं?" माझ्यातला कारकून ताडकन उभा राहिला. बँकेत पुसापुशी म्हणजे पाप. आकडा चुकला तर त्यावर एक रेघ, शेजारी बरोबर आकडा, आणि खाली साहेबांची सही. पुतणी हसली. म्हणाली, फंक्शनल प्रोग्रॅमिंगचा नियमही तुमच्या बँकेचाच आहे. नेहमीच्या प्रोग्रॅममध्ये एखाद्या खणात आत्ता ५ असतात, जरा वेळानं ९ होतात. फंक्शनल प्रोग्रॅममध्ये एकदा ठरलेली किंमत बदलत नाही. चिठ्ठीवर बदलतं ते फक्त रूप. '१७ + २५' आणि '४२' यांची किंमत एकच.

हे मला एकदम पटलं. पाचशेची नोट मोडून शंभराच्या पाच दिल्या, तर कॅशियरचा हिशोब बदलत नाही. पाकीट तेवढं फुगतं.

त्यानंतर तिनं जे सांगितलं त्यानं मात्र माझा ह्या शास्त्राबद्दलचा आदर शतगुणित झाला. "आणि काका, ती बेरीज कुणी मागेपर्यंत करायचीच नाही. ह्याला लेझी इव्हॅल्युएशन म्हणतात." म्हणजे आळस! कुणी मागितल्याशिवाय काम करायचं नाही, आणि एकदा केलं की पुन्हा करायचं नाही. हे तत्त्व मी गेली वीसेक वर्षं काउंटरवर निष्ठेनं पाळत आलो आहे आणि त्याबद्दल मला मेमोखेरीज काही मिळालेलं नाही. तिकडे १९७६ साली डॅनिएल फ्रीडमन आणि डेव्हिड वाइज ह्या जोडीनं, आणि त्याच वर्षी पीटर हेंडरसन आणि जेम्स मॉरिस ह्या दुसऱ्या जोडीनं हाच आळस रीतसर मांडला, तर विद्वानांनी त्यांना डोक्यावर घेतलं. माणसानं आळस करावा, पण तो छापून आणावा.

मग मी ह्या प्रकरणाची जुनी दप्तरं उघडली. बँकेतल्या माणसाला जुनी दप्तरं उघडायची सवय असतेच. त्यातून बहुधा झुरळं निघतात, इथे माणसं निघाली.

पहिला निघाला मोझेस शोनफिंकेल. १९२० सालच्या डिसेंबरात गटिंगेन इथे त्यानं एक व्याख्यान दिलं, ते १९२४ साली छापून आलं. त्याचं म्हणणं असं की, गणितातल्या 'क्ष'ची काही गरजच नाही. दोनचार ठोकळे पुरतात. त्यांतल्या एका ठोकळ्याला आज 'के' म्हणतात. त्याला दोन गोष्टी दिल्या की तो पहिली ठेवतो आणि दुसरी टाकून देतो. सौ.च्या यादीचं माझ्या हातून नेमकं हेच होतं. दुसरा ठोकळा 'एस'. त्याला तीन गोष्टी दिल्या की तो तिसरी गोष्ट पहिल्या दोघींनाही देऊन मोकळा होतो. शाळेत ज्या 'क्ष'नं माझा छळ केला, तो नसला तरी चालतं हे १९२४ पासून छापील असताना मला १९९० च्या दशकात तो का शिकवला, ह्याचं उत्तर शिक्षणखात्यानं द्यावं.

दुसरा निघाला अमेरिकेतला अलोन्झो चर्च. त्यानं १९३० च्या दशकात लॅम्डा कॅल्क्युलस रचला, आणि १९३६ साली जे. बी. रॉसर ह्याच्याबरोबर एक प्रमेय सिद्ध केलं. आमच्या भाषेत त्याचा अर्थ असा: बेरीज वरून खाली करा नाहीतर खालून वर करा, दोघांनाही उत्तर मिळालं तर ते एकच असणार. कोणती चिठ्ठी आधी सोडवली, ह्यानं शेवटचा आकडा बदलत नाही. हे प्रमेय लक्षात ठेवा. पुढे सगळा घोटाळा त्याच्या भरवशावर झाला.

चिठ्ठी आणि बाणांची युक्ती काढली ती ख्रिस्तोफर वॉड्सवर्थनं, १९७१ साली, ऑक्सफर्डच्या प्रबंधात. आणि १९७९ साली डेव्हिड टर्नर ह्या इंग्रज माणसानं शोनफिंकेलचे ठोकळे आणि वॉड्सवर्थच्या चिठ्ठ्या एकत्र केल्या आणि 'सासल' नावाची स्वतःची भाषा त्यावर चालवून दाखवली. 'एस' ठोकळा एकच गोष्ट दोघींना देतो म्हटल्यावर तिची नक्कल करण्यापेक्षा दोघींचे बाण तिच्याकडे वळवणं सोपं, हे उघडच होतं. उघड गोष्ट सुचायला पन्नासेक वर्षं लागली. आमच्या शाखेत पंख्याचं बटण काउंटरच्या आत घ्यावं हे सुचायलाही बरीच लागली.

पण ह्या सगळ्यात 'पॅरलल' कुठून आलं? त्याला कारण झाले जॉन बॅकस. हे गृहस्थ मोठे. आयबीएममध्ये त्यांच्या चमूनं १९५७ साली फोर्ट्रान ही भाषा बाहेर काढली आणि जगातले निम्मे प्रोग्रॅमर तिच्यावर पोसले गेले. १९७७ साली त्यांना ट्युरिंग पारितोषिक मिळालं. सत्काराला उभं राहून ह्या माणसानं काय सांगावं? की आपण सगळे जण ज्या तऱ्हेनं प्रोग्रॅम लिहितो ती तऱ्हाच चुकली. आमच्याकडे सत्काराला उत्तर देताना लोक बायकोचे आभार मानतात. बॅकसचं म्हणणं होतं की, कॉम्प्युटरचा मेंदू एकीकडे, त्याची स्मृती दुसरीकडे, आणि मध्ये एक चिंचोळी नळी. त्या नळीतून एकेक आकडा ये-जा करतो आणि आपण सारे त्या ये-जा करण्याचाच हिशोब लिहीत बसतो. म्हणजे आत भरपूर पैसे, बाहेर भरपूर गिऱ्हाइकं आणि खिडकी एक. हे मला समजावून सांगायला ट्युरिंग पारितोषिकविजेता नको होता, पण असो.

मग मंडळींच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. चिठ्ठ्या आहेत, किंमत बदलत नाही, आणि कोणती आधी सोडवली ह्यानं उत्तर बदलत नाही असं १९३६ पासून सिद्ध आहे. मग एका मेंदूनं का सोडवायच्या? दहा लावा, शंभर लावा! ज्याला जी चिठ्ठी दिसेल ती त्यानं सोडवावी. प्रोग्रॅम लिहिणाऱ्यानं काही वेगळं करायला नको. वेग आपोआप वाढेल. फुकट.

'फुकट' हा शब्द ऐकला की बँकेतला माणूस सावध होतो. शास्त्रज्ञ बिचारे बँकेत नव्हते.

वेळही अशी आली होती की, सरकारं पैसे द्यायला बसली होती. १९८२ साली जपाननं 'पाचव्या पिढीचे कॉम्प्युटर' करण्याचा घाट घातला. त्याच्या धास्तीनं ब्रिटननं १९८३ साली 'अल्वी' नावाची योजना काढली. लंडनच्या इम्पीरियल कॉलेजात डार्लिंग्टन आणि रीव्ह ह्यांनी 'ॲलिस' हे यंत्र १९८१ सालीच कागदावर मांडलं होतं; ते पुढे प्रत्यक्षात उतरलं. ॲलिसवर चालायची ती 'होप' ही भाषा. होप म्हणजे आशा असं मी समजलो होतो, पण ते नाव एडिंबरोच्या होप पार्क चौकावरून पडलं आहे. म्हणजे उद्या आपण एखाद्या भाषेला 'अप्पा बळवंत' म्हणावं तसं. ॲलिसच्या नमुन्यात ट्रान्सप्युटर जातीच्या चिपा होत्या. त्याच जातीच्या चिपांवर पुण्याच्या सी-डॅकनं १९९१ साली 'परम ८०००' उभा केला. परमचं काम निराळं होतं, पण लांबचं का होईना, नातं निघालं. नातं निघाल्याशिवाय मराठी माणसाला कुठल्याही गोष्टीत रस वाटत नाही.

लंडनच्याच युनिव्हर्सिटी कॉलेजात सायमन पेटन जोन्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 'ग्रिप' नावाचं यंत्र केलं. १९८७ साली त्याची माहिती प्रसिद्ध झाली. एकेका बोर्डावर मोटोरोला ६८०२० जातीचे चार प्रोसेसर आणि चिठ्ठ्या सांभाळणारा एक हुशार स्मृतिकोश, आणि अशी अनेक बोर्डं एका वाहिनीला लटकवलेली. चार कारकून आणि एक दप्तरी, अशी टेबलामागून टेबलं. मला चित्र अगदी डोळ्यांपुढे दिसलं. आणि चित्र दिसल्याबरोबर पोटात गोळाही आला. कारण हे सगळं मी एकदा स्वतः भोगलं आहे.

सन २००३. मी नुकताच लागलेलो, तालुक्याच्या गावची शाखा. कॉम्प्युटर आलेला होता, पण त्यावरचं प्लॅस्टिक काढायचं कुणी हा निर्णय झाला नव्हता. सेव्हिंग्जचं व्याज हातानं काढायचं. त्या काळी नियम असा की, महिन्याच्या १० तारखेपासून अखेरपर्यंत खात्यात जी कमीत कमी शिल्लक असेल, तिच्यावर त्या महिन्याचं व्याज. सहामाही आली की लेजरांचे ढीग आणि कारकुनांचे चेहरे, दोन्ही पडलेले.

त्या वर्षी मॅनेजरसाहेब नवे, ट्रेनिंग घेऊन ताजे ताजे आलेले. त्यांनी जाहीर केलं, "एका खात्याची एक चिठ्ठी. आठ कारकून आहेत. ज्याचा हात मोकळा, त्यानं पेटीतून चिठ्ठी उचलावी. रात्री नऊला घरी." टाळ्या वाजल्या.

झालं ते असं. एका खात्याचं व्याज काढायला लागत तीन मिनिटं. पण चिठ्ठी उचलणं, रजिस्टरात नोंदणं, लेजर कुणाकडे आहे ते शोधणं, तो त्याच लेजरचं दुसरं पान उघडून बसलेला असतो म्हणून त्याच्या मानेवर उभं राहणं, आणि चिठ्ठी परत करणं, ह्याला लागत सात. मध्येच लक्षात आलं की एकाच खात्याचं व्याज दोघांनी काढलंय. दोघांचं उत्तर सारखं आलं, एवढाच काय तो आनंद. चर्च आणि रॉसर ह्यांना आम्ही त्या रात्री खरं ठरवलं, पण घरी कुणीच गेलं नाही. मग घेतलेल्या चिठ्ठीवर लाल पेन्सिलीनं फुली मारायची ठरली. तर फुल्यांच्या चिठ्ठ्यांसाठी थांबलेल्यांची रांग लागली. एक जण लेजरसाठी दुसऱ्याकडे बघतोय, दुसरा बेरजेसाठी पहिल्याकडे बघतोय, आणि दोघंही चहा पिताहेत, असं दृश्य मी ह्या डोळ्यांनी पाहिलं आहे.

पुतणीला हे सांगितलं तर ती ताट सोडून उठलीच. "काका, हेच! अगदी हेच!" एखाद्या प्रोसेसरनं चिठ्ठी हातात घेतली की तिच्यावर खूण करतात, म्हणजे दुसरा तीच सोडवत बसत नाही, वाट बघतो; त्या खुणेला 'ब्लॅक होल' म्हणतात. ॲलिस काय, ग्रिप काय, ज्यांनी ज्यांनी अशी यंत्रं केली त्यांना हेच दिसलं की चिठ्ठी लहान असली तर ती सोडवण्यापेक्षा ती हलवण्यातच जास्त वेळ जातो. आणि दुसरी अडचण तर मुळातली. आळशी पद्धत म्हणते मागितल्याशिवाय करू नका. आठ जणांना कामाला लावायचं तर मागण्याच्या आधीच करायला हवं. आधी केलं आणि पुढे कुणी मागितलंच नाही, तर कष्ट फुकट. ह्यावर ॲलन मायक्रॉफ्टनं १९८० साली एक तोड काढली होती: प्रोग्रॅम वाचूनच कोणती किंमत नक्की मागितली जाणार हे आधी ओळखायचं. ती मात्र बिनधास्त आधी करून ठेवावी. महिन्याच्या एक तारखेला सकाळी पेन्शनर मंडळी येणारच. त्यांची पासबुकं आदल्या दिवशी भरून ठेवायला हरकत नाही, तसं.

आम्हाला सोडवलं ते हेडक्लार्कांनी. त्यांना सगळी शाखा अण्णा म्हणायची. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी पेटी उचलून कपाटावर ठेवली आणि म्हणाले, "प्रत्येकानं एक लेजर घ्या नि मुकाट्यानं बसा. ज्याचं संपेल त्यानं दुसऱ्याच्या लेजरच्या शेवटाकडली तीस पानं मागून घ्यावीत. कुणी मागायला आलं नाही, तर ज्याची पानं त्यानं करावीत. वाट बघत बसायचं नाही." संध्याकाळी सहाच्या आत टॅली झाली.

ग्रिपवर नेमका हाच नियम होता, हे मला आत्ता कळलं. एखादी चिठ्ठी दुसऱ्या कुणी उचलली तर ठीक. नाही उचलली, तर जिला ती लागणार तिनंच ती सोडवायची. पेटन जोन्स आणि मंडळींनी १९८९ साली हे लिहिलं. अण्णांनी ते वाचलेलं असण्याचा संभव नाही. अण्णा पंचांग आणि बँकेची सर्क्युलरं ह्यांपलीकडे काही वाचत नसत.

पण तोवर तिकडे निराळंच काही घडत होतं. खास यंत्र बांधायला चारपाच वर्षं लागत, आणि तेवढ्यात बाजारातला साधा, एकुलता एक प्रोसेसर इतका वेगवान होई की आठ कारकुनांच्या नाकावर टिच्चून तो एकटाच काम उरकी. ॲलिस आणि ग्रिप दुकानात कधी आलीच नाहीत.

मग पैसे बुडाले का? बँकेत ज्या रकमेचा धनी सापडत नाही ती सस्पेन्स अकाउंटला टाकतात. ती बुडालेली नसते. ती कुणाची हे अजून कळलेलं नसतं. ह्या मंडळींनी चिठ्ठ्या भराभर सोडवण्याच्या ज्या खटपटी केल्या, त्या एकट्या प्रोसेसरलाही कामाला आल्या. स्वीडनमध्ये गॉथेनबर्गला ऑगस्टसन आणि जॉन्सन ह्यांनी १९८४ साली 'जी-मशीन' केलं. १ एप्रिल १९९० ला हास्केल भाषेचा पहिला मसुदा आला. एप्रिल फूल नव्हे, खरंच. तिचं नाव शोनफिंकेलचं काम पुढे नेणाऱ्या हास्केल करी ह्यांच्यावरून. तिच्यासाठी पेटन जोन्स ह्यांनी जे कल्पित यंत्र १९९२ साली सविस्तर लिहिलं, त्याच्या नावाचा मराठी अर्थ 'कणा नसलेलं, बिल्ला नसलेलं' असा होतो. वर्णनावरून मला आमच्या हेड ऑफिसातले एकदोन जण आठवले, पण हे यंत्र मात्र काम करतं.

आणि २००५ च्या सुमारास काटा फिरला. एका प्रोसेसरचा वेग वाढेना. चिपा फार तापू लागल्या. कंपन्यांनी एकाऐवजी दोन, मग चार, मग आठ मेंदू एकाच चिपेवर बसवायला सुरुवात केली. आता प्रत्येकाच्या टेबलावर आठ कारकून, आणि त्यांना काम कसं वाटून द्यायचं हे कुणाला माहीत? तर ज्यांची यंत्रं कपाटावर गेली होती त्यांना. त्याच २००५ साली हास्केलच्या कंपायलरचं अनेक मेंदूंवर चालणारं रूप हॅरिस, मार्लो आणि पेटन जोन्स ह्यांनी मांडलं. त्यात चिठ्ठ्या होत्या, खुणा होत्या, मोकळ्या हातानं काम उचलणंही होतं. फक्त 'आपोआप' हा शब्द गेला होता. कुठलं काम वाटायला काढायचं, ते प्रोग्रॅम लिहिणाऱ्यानं सांगायचं. गणितानं परवानगी दिली होती. नफ्याची हमी दिली नव्हती. कर्जमंजुरीचं पत्र आणि चाललेला धंदा ह्यांत जे अंतर असतं, तेवढंच हे अंतर. ते कापायला चांगली वीस वर्षं गेली.

सुट्टी संपवून पुतणी पुण्याला गेली. आठवड्यानं तिचा फोन आला, आवाज पडलेला. आठ मेंदूंवर तिचा प्रोग्रॅम जेमतेम सव्वातीनपट वेगानं चालत होता आणि परीक्षा तोंडावर. मी म्हटलं, "बाळ, चिठ्ठ्या केवढ्या केल्यास?" ती म्हणाली, "एका आकड्याची एक." मी म्हटलं, "तीस पानांची कर."

दोन दिवसांनी पुन्हा फोन. "काका, सव्वापाच पट! तुमच्या अण्णांना सांगा!"

सांगायला मी स्वतः गेलो. अण्णा आता ऐंशीच्या घरात आहेत, पडवीत आरामखुर्ची टाकून बसतात. मी त्यांना सगळी हकीकत सांगितली: गटिंगेन, ऑक्सफर्ड, लंडन, आणि त्यांचं नाव कुठेही छापलेलं नसलं तरी त्यांचाच नियम. अण्णांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग चष्मा काढून पुसला आणि म्हणाले, "कारकून आठ, काम सव्वापाच जणांचं. उरलेले पावणेतीन जण कुठे गेले रे?"

मी गप्प.

"शोधा म्हणावं," अण्णा म्हणाले. "टॅली झाल्याशिवाय घरी जायचं नसतं."